गौराक्काचं दुकान

गौराक्का शटर उघडायच्या आणि आत न शिरता रस्ता ओलांडून समोर जाऊन उभ्या राहायच्या. तिथून मिनिटभर दुकान न्याहाळायचं, मग परत यायचं. "गिऱ्हाईक जितनं बघतंय, तितनं बघायला पायजे की," म्हणायच्या. पाटीवरचा विझलेला दिवा, काचेवरचे बोटांचे ठसे त्यांना तिथून दिसत. दुकान माझं होतं, पण असा मी एकदाही उभा राहिलो नव्हतो.

जुळे सोलापुरात मी एका आइस्क्रीम कंपनीची फ्रँचायझी घेतली होती. कंपनीची अट सरळ होती. मालकाने दुसरी नोकरी न करता स्वतः दुकान चालवायचं, आणि चालवणाऱ्याच्या नावावर निम्म्याहून जास्त मालकी हवी. मी विमा कचेरीत नोकरीला. तरी अर्जावर बिनदिक्कत लिहून दिलं, 'पूर्णवेळ मी स्वतः', आणि चालवायला ठेवल्या मैंदर्गीच्या गौराक्का. हाताखालच्या दोन मुलींवर त्या कधी ओरडल्या नाहीत. चुकलेलं काम मुकाट्याने स्वतः करायच्या, त्याचीच मुलींना धास्ती. फारच चिडल्या तर कानडीत पुटपुटायच्या. माझ्यावर मात्र मराठीत चिडायच्या, मला नीट समजावं म्हणून.

पाच वर्षांचा करार संपत आला आणि ऐन एप्रिलात कंपनीचे अधिकारी न कळवता आले. दुकान नुकतंच उघडलं होतं. अक्कांचा फोन आल्यावर मी कचेरीतून स्कूटर दामटत आलो आणि गल्ल्यावरच्या खुर्चीत बसलो.

"विचारलं तर सांगा, साहेब दिवसभर इथंच असतात," मी दबक्या आवाजात म्हणालो.

"तुमचं तुमी सांगा. मी न्हाय सांगणार."

रात्रभर वीज येऊन-जाऊन होती. अधिकारी वही उघडत होते, तेवढ्यात अक्कांनी फ्रीजरमधला एक डबा उघडला. वर बर्फाची कुसळं, आइस्क्रीम खाली बसलेलं. वितळून पुन्हा गोठलं होतं. दुसरा डबा, तिसरा, सगळीकडे तेच.

"सगळं टाकायचं," त्या मुलींना म्हणाल्या.

अख्खा फ्रीजर! मी खुर्चीतून उठलो. "अहो, आधी चव तरी बघा. वरचं काढून टाकलं तर..."

"मालक तुमी, व्हय. पण हे मी कुणाच्या लेकराला देणार न्हाय."

मुलींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. डबे उचलायला लागल्या.

अधिकाऱ्यांनी वही मिटली. "इथं ठरवतं कोण?"

मी अक्कांकडे बोट दाखवून म्हणालो, "या."

त्यांनी आरडाओरडा केला नाही. आठ दिवस दिले. निम्म्याहून जास्त मालकी गौराक्कांच्या नावावर करा, नाहीतर करार संपला.

संध्याकाळी मी कागद घेऊन अक्कांसमोर बसलो. "फक्त सही करा. कागदापुरती. बाकी सगळं आहे तसंच चालेल."

त्या बराच वेळ कागदाकडे बघत राहिल्या. "आजवर खोटं तुमी बोलला. आता माज्याकडनं बोलवून घेताय व्हय?" त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "बेडा, नको साहेब. नावापुरती मालकीण मला न्हाय व्हायचं."

आठ दिवसांनी पाटी उतरली. अक्का मैंदर्गीला गेल्या. जाताना मुलींना जवळ घेतलं, मला फक्त नमस्कार केला. तो नमस्कार मला अजून लागतो.

खरोखरची मालकी देऊ केली असती तर त्या थांबल्या असत्या. तेव्हा सुचलंच नाही, असं मी सगळ्यांना सांगत आलो. सुचलं होतं. त्या कागदाकडे बघत होत्या ना, तेव्हाच सुचलं होतं.