मी तिला ताई म्हणालो

पाचाडच्या शाळेत आम्ही एका वर्गात होतो. बारावीनंतर मी महाडला कॉलेजात जाऊ लागलो आणि ती हिरकणीवाडीत आईच्या टपरीवर ताक विकायला बसली. संध्याकाळी परतताना मी तिच्या वाडीलाच उतरायचो आणि पुढे घरी चालत जायचो. आई म्हणायची, पोराला व्यायामाचं खूळ लागलंय.

दुसऱ्या वर्षी तिला स्थळं येऊ लागली. ती एकदाच म्हणाली, "घरी बोल. मी थांबते." मी मान डोलावली. बोलायला मात्र मला रोज उद्याचाच मुहूर्त सापडायचा.

एका रविवारी कॉलेजचे तीन मित्र गड बघायला आले. महाडच्या बाजारपेठेतली मुलं, कपड्यांना इस्त्री. त्यांना गड दाखवून मी खाली आणलं, तर ते नेमके तिच्याच टपरीसमोर थांबले. मला बघून ती हसली आणि ग्लास विसळायला लागली. मला कुणी काही विचारलंसुद्धा नव्हतं. तरी हात दाखवून अवलक्षण करावं तसा मी म्हणालो, "ताई, चार ताक द्या."

आमच्याकडे मुलीला चारचौघांत ताई म्हटलं की विषय संपतो. तिने चारही ग्लास भरले. माझा पुढे करत म्हणाली, "घ्या, दादा." मागे काकडी चिरत बसलेल्या तिच्या आईने ते ऐकलं. तिला आमचा संशय होता, तो तिथेच फिटला.

आठवड्याने मी एकटा गेलो. चुकलो म्हणालो. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

"आयनं ऐकलंय तुझं. आता तिला काय सांगू?" एवढंच म्हणाली आणि गिऱ्हाइकाकडे वळली.

उन्हाळ्यात तिचं लग्न ठरलं. मुलगा मुंबईत नोकरीला. लग्नात नवऱ्याचा कान पिळायला नवरीचा भाऊ लागतो, आणि तिला भाऊ नव्हता. तिची आई आमच्या घरी आली, म्हणाली, ताई म्हणतोस ना, मग तूच उभा राहा. माझ्या आईने परस्पर होकार दिला. तेव्हा तरी तोंड उघडायला हवं होतं.

मांडवात नवऱ्याच्या कानाला हात लावला आणि माझी बोटं वळेनात. लोक हसू लागले. तिने मुंडावळ्यांआडून त्या दिवशी प्रथमच माझ्याकडे बघितलं.

"त्याच्यानं नाय होयाचं," ती म्हणाली.

मग मी पिळला, चांगला लाल होईपर्यंत. तोही लोक बघत होते म्हणून.