मुदतीआधी रिकामं करून घेतलेलं घर

मैत्रिणींनो, आज मन थाऱ्यावर नाही.

लेकीच्या दहावीसाठी ताडकळसहून परभणीला आलेल्या वंदनाला आम्ही वरचा मजला भाड्याने दिला होता. करार मेपर्यंतचा. पण माझा मुलगा कुटुंबासह परत येतो म्हणाला आणि मी करारातल्या महिन्याभराच्या नोटिशीवर बोट ठेवलं. परीक्षा दोन महिन्यांवर असताना.

आज टेम्पोत सामान चढत होतं. लेक जिन्यात पुस्तक उघडून बसली होती.

"आमी कुठंबी राहू, काकू," किल्ली देत वंदना म्हणाली. "हिच्या अभ्यासाचंच लय खराब वाटायलंय."

कॉन्व्हेंट शाळेत मला सिस्टरांनी उठता-बसता सॉरी म्हणायला शिकवलं. आज सॉरी न म्हणताच किल्ली घेतली.

नंतर वर गेले. फरशी पुसलेली. ओट्यावर पाण्याने भरलेला तांब्या, शेजारी तेवता दिवा. घर सोडताना ते रिकामं सोडू नये, म्हणून माझी आईही असंच ठेवायची.

चार महिने थांबशील का, एवढं मी मुलाला विचारलंही नव्हतं.

तांब्या तिचाच आहे. तो न्यायला ये म्हणून फोन करू, की परीक्षेपर्यंत परत राहायला ये म्हणून? तिच्या जागी तुम्ही असता, तर परत आला असता का?