परेरा सर वजन उतरवतात

शिक्षक-खोलीत कधीच न संपणाऱ्या गोष्टी दोन. तपासायचे पेपर आणि किस्से. पेपर निदान रिझल्टच्या आधी कसेबसे संपवावे लागतात. किस्से मात्र साठतच जातात. आता आम्ही जुन्या चार-पाच जणी भेटलो की एकीने एक काढायचा अवकाश, बाकीचे रांगेत उभेच असतात! आणि त्यातले निम्मे एकट्या परेरा सरांचे.

परेरा सर आमच्या वसईच्या शाळेत पीटी शिकवायचे आणि अख्ख्या शाळेत सगळ्यात जाडे तेच होते! माणूस वसईतल्याच पापडी गावच्या वाडीत वाढलेला. घरची केळी, घरची भाजी, घरच्या कोंबड्या. गळ्यातली शिट्टी खाली लोंबायची नाही, पोटावर आडवी पडलेली असायची. कवायतीत "पुढे वाका" म्हणून ओरडायचे आणि स्वतः ताठ उभे. एकदा एका मुलाने विचारलं, "सर, तुम्ही?"

सर म्हणाले, "मी वाकलो तर तुम्ही नीट वाकलात की नाही ते कोण बघणार?"

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. सरांच्या धाकट्या बहिणीच्या, फिलूच्या, दोन्ही किडन्या निकामी झाल्या. फिलूचं सासर जवळच्याच गास गावात, पोरं लहान. डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा मुंबईच्या फेऱ्या. घरात सगळ्यांच्या तपासण्या झाल्या आणि जुळली ती सरांची. पण डॉक्टर म्हणाले, "किडनी उत्तम आहे हो, पण या वजनात मी तुम्हाला टेबलावर घेणार नाही. आधी वीस किलो उतरवा."

सरांनी हे शिक्षक-खोलीत येऊन सांगितलं आणि खुर्चीत बसकण मारली. "किडनी द्यायला मी आत्ता तयार आहे. पण जेवण सोडायचं म्हणजे..."

मग आमच्या मुख्याध्यापिका वर्तक बाई म्हणाल्या, "एकट्याने कशाला सोडताय? आपण सगळेच सोडू." मी आजही हळदीकुंकवाला, लग्नाला, बारशाला माझ्या शाळेचं नाव छाती पुढे काढून सांगते, ते या एका वाक्यासाठी.

* * *

पहिला उपाय कुलकर्णी बाईंचा. त्या मराठी शिकवायच्या आणि त्यांचे उपवास कडक. "सर, माझ्याबरोबर सोमवार धरा. चतुर्थी धरा. एकादशी धरा. बघा कसं वजन उतरतं!"

सरांनी श्रद्धेने धरले. सोमवारी कुलकर्णी बाई त्यांच्यासाठी मोठ्या डब्यात साबुदाण्याची खिचडी आणायच्या. शेंगदाण्याचं कूट सढळ हाताने, वर तुपाची धार, सोबत रताळ्याचा कीस आणि दही. सर म्हणायचे, "बाई, असा उपवास असतो हे मला आधी का नाही कुणी सांगितलं?"

तेवढ्यात सरांच्या चर्चचा, ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांचा प्रायश्चित्तकाळही सुरू झाला. शुक्रवारी मटण बंद, कोंबडी बंद. पण मासळी चालते! त्यामुळे शुक्रवारी घरी बोंबलांची ताटंच्या ताटं तळून व्हायची.

महिनाअखेरीला सर वजन करून आले आणि कुलकर्णी बाईंसमोर हात जोडून उभे राहिले.

"बाई, दोन धर्मांचे उपवास केले आणि तीन किलो वाढलो! आता तिसरा धर्म सुचवू नका!"

* * *

मग ठरलं की सरांनी रोज सकाळी चालायचं. पापडीहून निघून समुद्रापर्यंत जायचं आणि परत. आता एवढी वर्षं एकाच गावात शिकवलेला माणूस. रस्त्यावरच्या दर दुसऱ्या घरात त्यांचा विद्यार्थी! "सर, इतक्या सकाळी? या की आत!" एका घरी अंडा-पाव, पुढच्या घरी तांदळाची भाकरी नि रात्रीचं कालवण, त्याच्या पुढे नुसता चहा, पण चहासोबत बशीभर नानकटाई. सर म्हणायचे, "नाही म्हटलं तर पोरांना वाईट वाटतं हो."

वर्तक बाईंनी फर्मान काढलं. "उद्यापासून मी लुनावरून मागे येते. बघते कोण बोलावतंय ते."

आल्या. पहिल्याच घरातून हाक आली, "अरे, बाईपण आल्यात! बाई, या या!" आता ते विद्यार्थी वर्तक बाईंचेही होतेच ना! मुख्याध्यापिका म्हणून त्यांना नाही म्हणणं तर आणखीच कठीण. आठवडाभर ही राखण चालली. आठवड्याने सरांचं वजन होतं तेवढंच राहिलं आणि वर्तक बाईंचं दीड किलो वाढलं!

शेवटी सरांनी वाट बदलली. मिठागरांच्या बांधावरून जायला लागले. तिथे घर नाही, दार नाही. मीठ ओढणारी एक म्हातारी त्यांना रोज बघायची. एक दिवस फार ओशाळून म्हणाली, "सर, आमच्याकडं खायला काय नाय द्यायला. नुसतं पानी हाय."

सर म्हणाले, "आई, देवानेच तुमच्याकडे पाठवलंय मला!"

* * *

सरांचं वजन करायचं हेही सोपं काम नव्हतं. सर उभे राहिले की दवाखान्यातल्या काट्याची सुई शेवटच्या आकड्याला टेकायची आणि तिथेच थरथरत बसायची. म्हणून केळ्यांच्या वखारीत जावं लागे. तिथे घड तोलायचा मोठा काटा होता. साक्षीला म्हात्रे सर. गणिताचे, त्यामुळे हिशेबात सूट नाही.

एका शनिवारी काटा काही केल्या खाली उतरेना. आठवडाभर सर उकडलेल्या भाज्यांवर होते, आम्ही सगळे साक्षीदार! वखारवाला बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "सर, जरा खिसे रिकामे करता?"

सरांनी एका खिशातून रुमाल काढला. दुसऱ्यातून शिट्टी. मग नाइलाजाने आतल्या खिशात हात घातला, आणि निघाल्या सुकेळ्यांच्या पुड्या! केळीच्या सुक्या पानात गुंडाळलेली, मधासारखी गोड, आमच्या वसईची खास सुकेळी. एकामागून एक पुड्या निघतच राहिल्या.

"ही... ही म्हात्रे सरांची आहेत," परेरा सर म्हणाले. "मला फक्त ठेवायला दिलीत."

म्हात्रे सरांची पापणीसुद्धा लवली नाही. "बरोबर. माझीच आहेत. द्या इकडे!"

आणि तिथेच, काट्याशेजारी उभं राहून त्यांनी सगळी सुकेळी एकट्याने संपवली. शेवटचा घास गिळून म्हणाले, "सर, तुमच्या बहिणीसाठी आम्ही काय काय सोसतोय बघा!"

* * *

शिक्षक-खोलीत तर समोसे, वडे, फरसाण सगळ्याला बंदी. वाढदिवसाला केक नाही. कुलकर्णी बाईंचा वाढदिवस आला तेव्हा बशीत एक लांबलचक काकडी ठेवली, तिच्यात मेणबत्ती खोचली आणि आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवून गाणं म्हटलं. बाईंनी फुंकर मारली आणि काकडी कापली. पहिला तुकडा मान म्हणून परेरा सरांना.

सरांनी तो तोंडात टाकला, डोळे मिटले आणि म्हणाले, "बाई, देव तुम्हाला शंभर वर्षं आयुष्य देवो. पण दरवर्षी वाढदिवस करू नका!"

* * *

पण हसण्यावारी न्यावा असा सगळाच काळ नव्हता. मे महिन्यात सरांच्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न निघालं. पापडीतलं लग्न म्हणजे आदल्या दिवसापासून अख्खी आळी चुलीशी. आम्ही सगळा स्टाफ गेलो होतो. सरांच्या पुढ्यात पान आलं. मटण, मैद्याचे तळलेले गोल फुगे, पुलाव. आग्रह करणाऱ्या काक्या-मावश्या चारी बाजूंनी. "एका दिवसाने काय होतंय रे?" सरांची पत्नी नको नको म्हणत होती, पण सर बघता बघता जेवणावर तुटून पडले. त्या दिवशी सरांना टोकण्याची हिंमत आमच्यातल्या एकीलाही झाली नाही.

फिलू येऊन त्यांच्या शेजारी बसली. सुजलेला चेहरा, हाताला डायलिसिसची पट्टी. तिचा डबा वेगळा. बिनमिठाचा भात, बिनमिठाची भाजी आणि दिवसभरासाठी मोजून दिलेलं बाटलीभर पाणी. मेचं ते ऊन, आणि ती बाटलीच्या टोपणातून ओठ ओले करत होती.

भावाचा घास हातात थांबलेला बघून ती हसली. म्हणाली, "खा रे दादा, पोटभर खा. तुझा जीव तळमळतो ते मला बघवत नाही. माझं चाललंय ना, चालू दे असंच."

सर उठले. हात धुतले. परत येऊन तिच्या डब्यातला बिनमिठाचा भात त्यांनी स्वतःच्या पानात वाढून घेतला आणि खाली मान घालून संपवला. आमच्या कुलकर्णी बाई पदराने डोळे पुसत होत्या आणि मलाही पुढचं ताट धूसर दिसत होतं. त्या दिवसानंतर सरांवर पहारा ठेवायची गरज कुणाला पडली नाही.

* * *

जूनमध्ये शाळा उघडली. नववीच्या वर्गाला सर मैदानावर फेऱ्या मारायला लावत होते. एक मुलगी धीटपणे म्हणाली, "सर, तुम्ही एक मारा, आम्ही दोन मारतो!"

सगळ्यांना वाटलं, आता ही कोंबडा होणार. सरांनी बुटाची नाडी घट्ट केली आणि पळायला लागले! एवढ्या वर्षांत शाळेने त्यांना चालताना, उभं राहताना, क्वचित वाकताना पाहिलं होतं. पळताना पहिल्यांदाच! खिडक्या-खिडक्यांत पोरं गोळा झाली. तासाला खिडकीतून बाहेर बघणाऱ्याला वर्तक बाई उभं करायच्या, आणि त्या दिवशी ऑफिसच्या खिडकीत त्या स्वतः टाळ्या वाजवत उभ्या! फेरी पूर्ण झाली तेव्हा अख्खी शाळा ओरडत होती. मला तर वाटलं, आपल्याच घरातलं कुणीतरी पहिलं आलंय.

सर धापा टाकत परत आले, शिट्टी फुंकायला श्वास शिल्लक नव्हता. कसेबसे म्हणाले, "उद्या मी दोन मारणार. तुम्ही चार!"

* * *

दिवाळीच्या सुमारास सरांची पँट कमरेवर राहीना. पट्ट्याला नवी भोकं पाडून पाडून पट्टा चाळणी झाला, तेव्हा त्यांनी शिट्टीची दोरी कमरेला बांधली आणि कवायत टाळ्यांवर घ्यायला लागले. वजन उतरलं होतं, ठरलं होतं त्यापेक्षा जास्तच.

ते फिलूला घेऊन डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी फाइल चाळली आणि म्हणाले, "तुम्ही कोण, धाकटे भाऊ का? त्या जाड्या भावाला पाठवा हो. त्याच्याशिवाय पुढे काही करता येणार नाही."

सर म्हणाले, "त्याला कायमचं घालवून आलोय, डॉक्टर!"

* * *

ऑपरेशनच्या दिवशी आम्ही तास घेतले, पण कुणी काय शिकवलं ते मुलांनाच माहीत. दुपारी ऑफिसातला फोन वाजला. वर्तक बाई ऐकत होत्या आणि आम्ही दारात गर्दी करून त्यांचं तोंड बघत होतो. फोन ठेवून त्या एवढंच म्हणाल्या, "दोघंही ठीक." आणि मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत बसून ढसाढसा रडल्या.

पुढे बरेच महिने गेले, डॉक्टरांनी फिलूला घरचं सगळं खायची परवानगी दिली, तेव्हा सरांच्या आईने आम्हा सगळ्यांना पापडीला जेवायला बोलावलं. सर एका टोकाला बसून आपलं मोजकं जेवत होते. फिलू आमच्या पंगतीत. ही पोर लहानपणापासून चिमणीएवढं जेवणारी. आईने तिच्यासाठी हयातभर मिनतवाऱ्या केलेल्या. त्या दिवशी तिने कोळंबीचा भात घेतला. मग आणखी घेतला. मग ताट पुढे करून तिसऱ्यांदा मागितला. म्हातारी पळी हातात धरून बघतच राहिली.

"अगं पोरी, तू कधीपासून एवढं जेवायला लागलीस?"

फिलूने घास तोंडात टाकला, ऑपरेशन झालेल्या कुशीवर हात ठेवला, भावाकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "मी कुठे जेवतेय, आई? दादा जेवतोय!"