‘ते’ येऊन गेले

बायकोला जाऊन दुसरा उन्हाळा चालू आहे. तिच्याबद्दल चांगलं बोलणारे पुष्कळ आहेत, त्यांनी बोलावं. मला आठवून राहिलंय ते वेगळंच. तिच्यापायी मी एक अख्खा उन्हाळा जळत होतो. शाळा माझी चौथीपर्यंत, तेव्हा लिहिण्यात चुकलं तर चुकलं. नावं कुणाचीच लिहीत नाही. का, ते पुढं कळंल.

आम्ही औशाकडचे, सुताराचं घर. मोठ्या दुष्काळात गावात बैलच उरले नाहीत, मग तिफण कोण करून घेणार अन् गाडीला चाक कोण बसवणार. लातूरला आलो ते तिथलेच झालो. पुढं लातूरचा वेगळा जिल्हा झाला आणि आमचे दिवस पालटले. साहेब आले, त्यांच्या मागं कचेऱ्या आल्या, आणि कचेरी म्हटलं की टेबल, खुर्ची, कपाट. किनवटचं सागवान यायचं. मागं घर आणि पुढं दुकान, दुकानात लाकडाच्या भुशात पाय बुडायचे. गल्ली मला मिस्त्री म्हणायची. नावानं हाक मारणारं तिथं कुणी नव्हतं. पाण्याचे हाल मात्र जिल्हा होऊनही सुटले नाहीत. बाया टँकरमागं पळायच्या.

एक दिवस मी लाकूड बघायला औशाला गेलो होतो. संध्याकाळी परत आलो तर माझ्या बाकावर एक गिटार पडलेली.

“ते येऊन गेले,” बायको म्हणाली.

“ते कोण?”

“गिटारवाले. नांदेडचे. दुरुस्त करून पाहिजे म्हणले. नाव सांगून गेले.”

“काय नाव?”

“आता ध्यानात न्हाई,” म्हणाली आणि चुलीकडं वळली.

मला खटकलं. माझ्या बायकोला गल्लीतल्या सगळ्यांची नावं पाठ. दूधवाला, टँकरवाला, कचेरीचा शिपाई, प्रत्येकाचं नाव घेऊन ती पुढं भाऊ लावायची. टँकरवाल्याच्या मेव्हण्याचंही नाव तिला ठाऊक. आणि हे एवढं एकच ध्यानात राहिलं नाही. वरून ‘ते’. आमच्यात बाईच्या तोंडी नुसतं ‘ते’ आलं की तो तिचा नवरा, दुसरा कुणी नाही. एवढी वर्षं ते ‘ते’ माझं होतं.

दुसऱ्या दिवशी तो गिटारवाला गडी आला. कुरळ्या केसांचा, खाली फुगणारी पँट घातलेला, लग्न व्हायचं होतं. ऑर्केस्ट्रात वाजवायचा म्हणून लोक त्याला मास्तर म्हणत. नव्या जिल्ह्यात कार्यक्रम लई होऊन राहिलेत म्हणून आमच्याच गल्लीत खोली घेऊन राहिला होता. मीही मास्तरच म्हणू लागलो. नाव विचारलं नाही. बायकोनं लपवलेलं नाव मी त्याच्या तोंडून कशाला ऐकू?

गिटार लाईटवर वाजणारी, जुनी. नांदेडात एका बँजो पार्टीकडून त्यानं घेतली होती. त्या पार्टीवाल्यांनी तिचा बँजो करायचा घाट घातला होता. बँजोला असतात तशी टाईपरायटरची बटणं बसवायला तिच्या मानेवर भोकंच भोकं पाडलेली. मानेवरच्या पितळी पट्ट्या उपटून खाचांत रंगाऱ्याची लांबी भरलेली. टेबलावर सपाट बसावी म्हणून खालची गोलाई करवतीनं उडवलेली. आवाज कमीजास्त करायला टेबलफॅनचं बटण. आणि वरून दाराला देतात तो हिरवा ऑइलपेंट. वाईट काम मी जन्मभर पाहिलं, पण इतकं बेशरम काम पाहिलं नव्हतं. मी म्हणालो, “मास्तर, हिला टाकून द्या, दुसरी घ्या.” तो म्हणाला, “दुसरी घ्यायची ऐपत असती तर हिच्याकडं कोण बघतंय, मिस्त्री?”

मग तो रोज येऊन बसायला लागला. मी रंग खरवडायचा आणि त्यानं गुणगुणायचं. गळा चांगला होता, ते कबूल करायला लागेल. चुलीपाशी बायकोची भांडी वाजायची थांबायची, तेही मला ऐकू यायचं.

आमच्या घरात कान शाबूत असलेला कप एकच होता. तो माझा. एक दिवस तो मास्तरच्या हातात दिसला, आणि माझा चहा आला फुलपात्रात. ती म्हणाली, पाहुण्याला कान तुटलेला देऊ का? पाहुणा कसला, रोजचा झाला होता. दुसऱ्या दिवशी मी कचेरीत कपाटाचं माप घ्यायला गेलो आणि नेमका टँकर आला. घरी आलो तर दारात भरलेली घागर, मोठी, तिला एकटीला न उचलणारी. मी विचारलं कुणी आणली. “त्यांनी दिली उचलून,” म्हणाली, आणि म्हणताना पदर तोंडाला लावला. ती हसत होती की लाजत होती, ते मला कळलं नाही.

मला एकच सुचलं. ही गिटार दुकानातून गेली की हा गडीही जाईल. कचेरीची टेबलं बाजूला सारली आणि तिच्यामागं लागलो. सागाच्या बारीक खुंट्या करून मानेवरची भोकं सरसानं बुजवली. खाचांतली लांबी सुईनं कोरून काढली, तर खाली मूळच्या खाचा जशाच्या तशा निघाल्या. त्यांत मास्तरनं नांदेडहून आणलेल्या नव्या पट्ट्या ठोकून बसवल्या आणि सगळ्या एका पातळीत घासल्या. खालची उडवलेली बाजू भरायला कलेक्टर कचेरीच्या टेबलातून उरलेला किनवटचा तुकडा घेतला. तो असा जुळवला की नख फिरवलं तर सांधा लागू नये. माझ्या हातून एवढं बारीक काम कधी झालं नव्हतं. देवाच्या पालखीलाही मी एवढा जीव लावला नव्हता, आणि हे सगळं तो लवकर टळावा म्हणून.

काम संपत आलं तेव्हा मास्तरची आई नांदेडहून आली. औशाकडं पोराला मुलगी बघायची होती. मास्तर माझ्या दुकानात बसलेला. म्हातारी गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली आणि ‘रे’ लावून मोठ्यानं नावानं हाक मारली.

“ओ,” मी म्हणालो.

“ओ,” मास्तर म्हणाला.

आम्ही एकमेकांकडं बघत राहिलो. म्हातारी जवळ आली आणि मला म्हणाली, “तुला न्हाई बाबा. माझ्या लेकाला बोलावून राहिले.”

मी वळून पाहिलं. दाराआड बायको तोंडात पदर कोंबून खाली बसली होती, हसून हसून तिला उभं राहवत नव्हतं.

माझंच नाव. अक्षराला अक्षर. माझं नाव तिनं उभ्या जन्मात फक्त उखाण्यात घेतलं होतं, तेही बायांनी उंबऱ्यावर अडवलं म्हणून. त्याचं नाव ती कोणत्या तोंडानं घेणार, आणि नाव नाही तर पुढं भाऊ तरी कशाला लावणार? मला हे आधीच सुचायला पाहिजे होतं. पण जळत असलेल्या माणसाला काय सुचतंय.

सगळे गेल्यावर मी म्हणालो, “पहिल्याच दिवशी सांगायचं होतंस.”

“कसं सांगू? सांगायला नाव घ्यावं लागतंय.”

“तुमचंच नाव हाय त्यांना, एवढं म्हणायचं.”

“म्हणणार होते. पण तुम्ही तोंड फुगवून काम करून राहिलेत, अन् काम लई झाक होऊन राहिलंय. म्हणलं होऊ द्या.”

रेडिओ दुरुस्तीवाल्यानं आतल्या लाईटच्या तारा जोडल्यावर मास्तरनं माझ्या बाकावर आवाजाची पेटी ठेवून गिटार वाजवली. गल्ली जमली. सगळे त्याच्या बोटांकडं बघत होते. माझी बायको खालच्या बाजूला, मी तुकडा जोडला होता तिथं बघत होती. तो गेल्यावर एवढंच म्हणाली, सांधा कुठाय ते दिसलंच न्हाई.

यावर माझं समाधान व्हायला पाहिजे होतं. नाही झालं. माझं ‘ते’ एक उन्हाळाभर दुसऱ्याला वापरायला मिळालं, हे मला आजही पटत नाही.

आता मी नांदेडात लेकीकडं असतो. दवाखान्यात, बँकेत, पोरंसोरं माझं नाव घेऊन हाक मारतात. नाव न घेणारं कुणी उरलं नाही. माझी बायको गेल्याचं कळलं तेव्हा मास्तर भेटायला आला, त्याच्या बायकोला घेऊन. केस पिकलेत, कुरळे मात्र तसेच आहेत. म्हणाला, गिटार अजून आहे, नातू वाजवतो, तुमचा सांधा उघडला नाही. मग म्हणाला, “वहिनींनी मला कधी नावानं हाक मारली न्हाई, मिस्त्री.” मी म्हणालो, “तुम्हाला कशी मारंल?”

त्याची बायको आधी उठली. चप्पल घालून दारात थांबली आणि म्हणाली, “अहो.”

आम्ही दोघांनी तिकडं पाहिलं. मास्तर उठला, आणि तिच्या मागं गेला.