वजा छप्पन्न ठोके

जनवाडा गावात व्यंकटला "आपोआप" म्हणतात, आणि त्याला त्याचा रागही येत नाही. डिप्लोमा झाल्यापासून त्याला एकच नाद आहे. कुठलीही वस्तू आपोआप चालली पाहिजे आणि आपोआप थांबली पाहिजे. गोठ्याचं फाटक त्यानं आपोआप उघडणारं केलं, तेव्हा शेजारच्या दोन म्हशी न बोलावता मुक्कामाला आल्या. देवळात वाजणारी विजेची नगारा-घंटा यंत्रं मात्र तो झकास बनवतो. पेटीतल्या चिपचा प्रोग्रामही त्याचाच.

सुभद्राबाई ही त्याची थोरली बहीण. तिचीच लेक मंगल व्यंकटची बायको. आमच्याकडं मामानं भाचीला करून घेणं काही नवलाचं नाही. त्यामुळं सुभद्राबाई व्यंकटची अक्काही आणि सासूही, आणि ज्या वेळी जे सोयीचं ते ती होते. यंदा ती सासू होती. व्यंकटनं ही यंत्रं बनवायची पत्र्याची शेड बंद करून तिच्या नवऱ्याच्या, आप्पारावांच्या, सिमेंटच्या दुकानात बसावं असं तिनं धरूनच ठेवलं होतं.

देवीच्या देवळातल्या नगारा-यंत्राचे शंभर ठोके शेजारच्या गावापेक्षा कमी पडतात म्हणून नवरात्र मंडळानं दोनशे मागितले. व्यंकट चारचौघांत बोलून बसला, "दोनशे ठोके पडतील आन् यंत्र आपोआप थांबंल. मला हात लावावा लागला तर शेडला कुलूप, दुसऱ्या दिवशी दुकानात!"

सुभद्राबाईनं तेवढंच लक्षात ठेवलं.

दोनशे ठोके पहिल्यांदा लावले त्या संध्याकाळी नवरात्रातल्या आरतीचं ताट तिच्याच हातात होतं. नगारा वाजतोय तोवर ताट खाली ठेवायचं नाही, ही गावाची रीत. आरती संपली, नगारा संपला नाही. दुसरी आरती झाली. पाठ असलेल्या सगळ्या संपल्यावर कुणीतरी पुन्हा गणपतीपासून सुरुवात केली. टाळ्या वाजवून लोकांचे तळवे लाल झाले. सुभद्राबाईच्या हातातलं ताट कलू लागलं. व्यंकटला देवी दिसेना, सिमेंटची पोती दिसू लागली.

"व्यंकट्या, थांबव की रे! कामून उभा ऱ्हायलास?"

"आपोआप थांबंल, अक्का."

"मी आपोआप पडायलेय हितं!"

व्यंकटनं डोळे मिटून वायर उपटली. ताट खाली आलं, आणि मग सगळं देऊळ हसलं.

सकाळी सुभद्राबाई कुलूप घेऊनच शेडवर आली. व्यंकट लॅपटॉपपुढं बसला होता, डोळे तारवटलेले, पण चेहरा खुललेला. "घावलं, अक्का! मी दोनशे लिहिलं, ह्या कंपायलरनं वजा छप्पन्न करून पाठवलं."

झालं होतं ते असं. व्यंकटनं प्रोग्रामच्या मधेच चार ओळी थेट चिपच्या बोलीत, म्हणजे असेंब्लीत, लिहिल्या होत्या. कंपायलर म्हणजे माणसानं लिहिलेला प्रोग्राम चिपच्या बोलीत सांगणारा दुभाषी; अशा ओळी तो जशाच्या तशा पुढं सरकवतो. त्यातला आकडा तेवढा स्वतः भरतो. दोनशे हा आकडा व्यंकटनं आठ बिटांच्या, म्हणजे शून्य-एकच्या आठ खणांच्या, लहान जागेत ठेवला होता. तिथं एकशे सत्तावीसपर्यंत काही भानगड नसते. त्यापुढं सगळ्यात वरचं बिट लागतं, आणि वजाची खूणही तेच बिट. कंपायलरनं ती खूण बघितली आणि दोनशेच्या जागी वजा छप्पन्न लिहिलं. आठ बिटांत दोन्ही सारखेच. पण ठोके मोजायची जागा होती सोळा बिटांची, तिथं वजाची खूण कुणी मानत नाही, म्हणून वजा छप्पन्न म्हणजे पासष्ट हजार चारशे ऐंशी ठोके. शंभर ठोके होते तोवर हे कळायचं कारणच नव्हतं. आकडा त्या चार ओळींच्या हातात देण्याआधीच सोळा बिटांचा करून घ्यायचा, एवढीच दुरुस्ती होती, आणि ती व्यंकटनं केलीही होती.

सुभद्राबाईनं यातलं काही ऐकलं नाही. व्यंकटनं दुसरीकडून धरलं.

"बघ, तू एकच हायस. घरात कोनी अक्का म्हनो, कोनी सासू, काय फरक पडत न्हाई. पर मोठ्या मांडवात पाठवताना नातं सांगून पाठवावं लागतंय. मी सांगितलं न्हाई, कंपायलरनं सासू धरून पाठवलं."

"म्हंजे सासू म्हंजे वजा व्हय रे?"

दाराआड मंगलला हसू आवरेना.

सुभद्राबाईनं त्याला हाताला धरून बाहेर काढलं, दार ओढलं आणि कुलूप लावलं. "बोललास तसं झालं. सासूनं कुलूप लावलं."

व्यंकट दाराकडं बघत राहिला. ही शेड त्यानं एकेक पत्रा जमवून उभी केली होती, आणि त्याला रडू येईल असं वाटलं.

तेवढ्यात तिनं किल्ली त्याच्या शर्टाच्या खिशात टाकली. "ही अक्कानं दिली. मंगलच्या आईला सांगू नको." मग दुखरा दंड चोळत वळली आणि चालता चालता म्हणाली, "आन् सांजच्याला दोनशेच पडू दे, बाबा. ताट आजबी माझ्याच हातात हाय."