आलिंग लुडिविनाची कडी

आमच्या नारळीच्या गावात कुणाकडे गेलं की फाटकातूनच हाक मारायची, "ताओ पो!" माणूस आहे हो दारात. ही हाक ऐकली की शेजारच्या आलिंग लुडिविना, म्हणजे लुडिविनामावशी, दार सताड उघडायच्या. पहिला प्रश्न ठरलेला, "जेवलीस का?"

मग मनिलाची पोरं जग बुडाल्यानंतरचा सिनेमा काढायला आली. त्यात साथीने गावं ओस पडलेली, उरलेली माणसं दारं लावून बसलेली, आणि बाहेरून "ताओ पो" म्हणणारं ते माणूस नसतंच. त्या हाकेला फसून दार उघडणारी आणि मरणारी म्हातारी म्हणून त्यांनी आलिंगना उभं केलं. जत्रेत बास्केटबॉलच्या मैदानावर सिनेमा दाखवला. पडद्यावर त्यांचं प्रेत दिसलं तेव्हा पोरंसोरं खिदळली. आलिंग गुपचूप उठून घरी गेल्या.

त्यानंतर कडी लावली ती लावलीच. पुढे तापाने फणफणल्या. बांबूच्या भिंतीतून कण्हणं ऐकू यायचं, पण आत कुणाला घेईनात. अशाने म्हातारी हातची जाणार, हे दिसत होतं.

मी आल्याची पेज घेऊन गेले. "ताओ पो, आलिंग!"

"सिनेमातला तोही असंच म्हणाला होता."

"अहो, मी पुरिता! शेजारची!"

"पुरिताचा आवाज काढायला काय लागतं? घसा बसलेली कोंबडीही काढेल."

तापातही जीभ शाबूत होती. "मग काय करू, सांगा."

"फटीला डोळा लाव."

माणसाचं रूप घेऊन आलेल्या आस्वांग नावाच्या पिशाच्चाच्या बुबुळात आपली छबी उलटी दिसते, असं आमच्याकडे मानतात. मी डोळा लावला. पलीकडून त्यांचा आला, मोतीबिंदूने दुधाळ झालेला.

"मला काही दिसत नाही गं," त्या पुटपुटल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "इनेंग, पोरी, तूच माझ्या डोळ्यात बघ. सगळ्या गावाने मला मेलेलं पाहिलंय. मीच माणूस राहिले नसले तर? तुझी लेकरं माझ्या अंगणात खेळतात."

आणि आम्ही समजत होतो, त्या आम्हाला भितात.

मी बघितलं. त्या पांढुरक्यात माझी छबी नव्हतीच, ना सुलटी ना उलटी.

"सुलटी आहे," मी म्हटलं. "नाक नेहमीसारखंच नकटं."

"खोटं बोलतेस."

"बोलत असेन. पेज निवतेय."

मग कडी निघाली.

"आधी तू खा," त्या म्हणाल्या. मी दोन घास घेतले. माझ्या गळ्यावर हात ठेवून, ते खाली उतरल्याची खात्री करून घेतली, आणि मगच त्यांनी वाटी ओढली.