ठेंगण्या पायऱ्या

काल इथे आमच्या कॅरी गावात घरच्या जिन्याला पॉलिश केलं आणि त्या वासाबरोबर मी २००४ सालच्या वॉशिंग्टनला, आपल्या वकिलातीच्या जुन्या घरात पोचले.

नागपूरला आई हॉस्पिटलमध्ये होती. घरातल्या सगळ्यांच्या पासपोर्टच्या तारखा मी फ्रिजवर लावत असे, पण त्या यादीत माझंच नाव नव्हतं. माझा पासपोर्ट संपला होता. पहाटे निघून, पाच तास ड्राइव्ह करून मी अर्ज दिला आणि वाट पाहत बसले.

तिथल्या एका वयस्कर मराठी कारकुनानं मला हेरलं. "हे घर एका श्रीमंताचं होतं, बरं का. आईचे गुडघे दुखायचे म्हणून त्यानं जिन्याच्या पायऱ्या ठेंगण्या करून घेतल्या. चढून बघा."

"काका, उद्याची फ्लाइट आहे. पासपोर्ट होईल ना?"

"साहेबांकडे सहीला गेलाय. तुम्ही इथे बसून लवकर होणार आहे का? चढा!"

मी चिडूनच चढले. पायऱ्या खरंच ठेंगण्या होत्या. चार वाजता पासपोर्ट हातात पडला.

आईजवळ पोचले तेव्हा डॉक्टरांना विचारायचे प्रश्न मी लिहून नेले होते. ते आता आठवत नाहीत. आमचं शेवटचं निवांत बोलणं झालं ते त्या जिन्याबद्दल.

"गुडघ्यांसाठी? शहाणा मुलगा," आई हसली. "किती पायऱ्या होत्या गं?"

मी मोजल्याच नव्हत्या. "बावीस," मी ठोकून दिलं.

आईनं माझा हात धरला, डोळे मिटले आणि एकेक पायरी मोजत चढू लागली. चौदाव्या पायरीवर तिला झोप लागली.